कोणता शब्द दुरुस्त करायचा, कोणता सोडून द्यायचा

प्रश्न असा आला आहे: सोलापुरात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वर्धापनदिनाचे फ्लेक्स, सहकारी संस्थांचे अहवाल आणि अधूनमधून एखाद्या साप्ताहिकाची पानं लावायला येतात. गिऱ्हाईक ‘अपरोक्ष’, ‘आव्हान’, ‘संभावित’ असे शब्द लिहून देतं. एक गुरुजी म्हणतात हे चूक आहे. दुसरे म्हणतात भाषा बदलते, चालू द्या. ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही अर्धंच ऐका. शब्दाचं मूळ पाहून त्याचं लेखन ठरवता येतं, पण अर्थ ठरवता येत नाही. अर्थ आज तो शब्द वाचणारे ठरवतात. गुरुजींची गल्लत अशी होते की ‘उज्ज्वल’मध्ये दोन ज का, हे ज्या व्युत्पत्तीने बरोबर सांगितलं, तिलाच ते अर्थाचाही न्यायाधीश करतात. आणि ‘भाषा बदलते’वाले याच सबबीखाली साध्या हातचुकाही खपवतात. म्हणून प्रूफ हातात आलं की आधी बघायचं, गडबड अक्षरात आहे की अर्थात.

अक्षराचं काम सोपं, म्हणून ते आधी उरकू. ‘त्व’ काढून टाका आणि मागे काय उरतं ते बघा. महत् उरलं तर ‘महत्त्व’, कर्तृ उरलं तर ‘कर्तृत्व’. याच हिशेबाने ‘सत्त्व’ला दोन त आणि ‘स्वत्व’ला एक. तत् आणि ज्ञ मिळून ‘तज्ज्ञ’. कोटी आणि अधीश मिळून ‘कोट्यधीश’. ‘लक्षाधीश’च्या नादाने तिथे काना चिकटतो. ‘रस्त्यांची दुरावस्था’ हा मथळा पावसाळ्यात ठरलेला असतो, पण शब्द दुर् अधिक अवस्था असा आहे, म्हणजे ‘दुरवस्था’. मथून काढलेला तो ‘मथितार्थ’, मतीशी त्याचा संबंध नाही. ज्याचं यश प्रथित म्हणजे पसरलेलं आहे तो ‘प्रथितयश’. ‘प्रतिथयश’ असा शब्दच नाही, तरी डॉक्टरांच्या सत्काराच्या फ्लेक्सवर तो हमखास असतो. ‘सहस्र’, ‘स्रोत’, ‘अजस्र’ यांत त नाही. ‘अल्पसंख्याक’ म्हणजे ज्यांची संख्या अल्प आहे ते. मध्ये अनुस्वार दिला की ‘संख्यांक’ म्हणजे आकडा होतो आणि समाजाच्या जागी अंक येऊन बसतो. ‘षष्ट्यब्दीपूर्ती’त ट आहे, कारण षष्टि म्हणजे साठ, ठ घातला तर ती सहावी. या सगळ्यांत वाद नाही. न विचारता दुरुस्त करा.

दुसरा गट सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्यांचा, आणि खरा घोळ इथेच होतो. दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे संगणकाचा शब्दतपासनीस काहीच बोलत नाही. ‘जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहण्याचे आव्हान अध्यक्षांनी केले आहे.’ इथे करून बघण्याची चाचणी एकच: संशयित शब्दाच्या जागी घरातला शब्द ठेवा. ‘उपस्थित राहण्याची ललकारी अध्यक्षांनी दिली आहे’ हे हास्यास्पद होतं, ‘विनंती केली आहे’ हे बसतं. म्हणजे तिथे ‘आवाहन’ हवं. क्रियापदही खूण देतं. आवाहन करतात, आव्हान देतात किंवा स्वीकारतात. ‘आव्हान’ दिसलं आणि त्याच्यापुढे ‘केले’ आलं की थांबायचंच. यात गंमत अशी की आपलं ‘आव्हान’ मूळच्या ‘आह्वान’चं रूप आहे आणि त्याचा मूळ अर्थ साधं ‘बोलावणं’ असा होता. हिंदीत आजही ‘आह्वान’ म्हणजे हाक. मराठीत ते बोलावणं कुस्तीच्या आखाड्यात गेलं आणि देव्हाऱ्यातलं ‘आवाहन’ सभेत आलं. इतिहास असा असला, तरी आज या दोघांची कामं पक्की वाटली गेलेली आहेत. मुळावर बोट ठेवून आव्हानाला पुन्हा विनंती करता येणार नाही.

अशाच जोड्या आणखी. ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू, ‘उपाहार’ म्हणजे हलकं खाणं, म्हणून पाटीवर ‘उपाहारगृह’. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांभाळा. परवान्यावर, जीएसटीच्या नोंदणीत आणि बँकेत नाव ‘उपहारगृह’ असेल तर पाटीवर आणि बिलबुकावर तेच छापा. विशेषनामात शुद्धलेखन घुसवलं की मालकाला कागदपत्रं जुळवत हिंडावं लागतं. ‘अनावृत’ म्हणजे उघडं, ‘अनावृत्त’ म्हणजे पुन्हा न फिरलेलं. पुतळा आणि पत्र दोन्ही ‘अनावृत’. कोर्टाच्या बातमीत ‘आरोपी’, ‘दोषी’ आणि ‘गुन्हेगार’ हे एकमेकांच्या जागी कधीच घालू नका. निकाल लागेपर्यंत माणूस आरोपीच असतो, आणि साप्ताहिकावर दावा लागला तर तो याच एका शब्दावरून लागतो.

‘आमंत्रण’ की ‘निमंत्रण’ हा वाद मात्र सोडून द्या. पाणिनीच्या एका सूत्रात दोन्ही शब्द शेजारी आहेत, आणि टीकाकार फरक सांगतात: निमंत्रण टाळता येत नाही, आमंत्रण आपल्या मर्जीवर. मराठीने हा फरक कधीच पाळला नाही. ‘आग्रहाचे निमंत्रण’ आणि ‘अगत्याचे आमंत्रण’ दोन्हींना माणसं सारखीच येतात, किंवा येत नाहीत.

आता अर्थ पुरता बदलून स्थिरावलेले शब्द. यांना हात लावायचा नाही, कुणी कितीही मुळाचा दाखला देवो. ‘लग्न’ हा मुळात ज्योतिषातला शब्द, पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. त्या घटकेला विधी करायचा, म्हणून घटकेचं नाव विधीला चिकटलं. ‘मुहूर्त’ म्हणजे दिवसरात्रीचा तिसावा भाग, 48 मिनिटं. आता शुभ वेळ सोडाच, नव्या दुकानाचा नारळ फोडणं म्हणजेही मुहूर्त. ‘सहसा’ संस्कृतात ‘एकाएकी’, मराठीत ‘बहुतेक वेळा’. ‘साहस’ हा धर्मशास्त्रांत बळजबरीच्या गुन्ह्याचा प्रकार होता. आज शाळेत साहस शिबिरं भरतात. ‘अस्मिता’ योगसूत्रांत पाच क्लेशांपैकी एक आहे, अविद्येच्या लगेच पुढे. आता ती जागवायची असते. ‘लाभार्थी’ म्हणजे लाभाची इच्छा धरणारा, जसा विद्या इच्छिणारा विद्यार्थी. योजनांच्या यादीत मात्र ज्याला लाभ मिळाला तो लाभार्थी, आणि ज्याला नुसती इच्छा आहे तो ‘अर्जदार’. तलाठ्याला हा फरक नीट कळतो, मग तुम्हीही तोच पाळा.

‘राजीनामा’ जरा जवळून बघण्यासारखा आहे, कारण त्याचा पुरावा इथल्या जुन्या फेरफारांत मिळतो. शब्द फारसी, राजी असल्याचा लेख. हिंदीत अजून त्याचा अर्थ तडजोड, समझोता. मुंबई इलाख्याच्या रयतवारी व्यवस्थेत एका खातेदाराने जमीन सोडल्याचा राजीनामा द्यायचा आणि नव्या खातेदाराने कबुलायत, म्हणजे जमीन घेत असल्याची कबुली, लिहून द्यायची. राजीखुशीने सोडतो, असा तो कागद. जमीन सोडण्याच्या कागदाचं नाव पुढे पद सोडण्याच्या कागदाला लागलं. म्हणून जुन्या दस्ताचं टंकलेखन करताना ‘राजीनामा कबुलायत’ दिसलं तर ते नोकरीचं समजून बदलू नका. हक्क हस्तांतराचा तो नेमका शब्द आहे.

‘आणेवारी’चंही, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजाचंही, तेच. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे सोळा आणे कायद्यातून गेले. सरकारी कागदावर ‘पैसेवारी’ झालं, 50 पैशांपेक्षा कमी की टंचाईची चर्चा सुरू. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या बोलण्यात मात्र आणेवारीच. शेतकऱ्यांच्या निवेदनात ‘आणेवारी’ राहू द्या, आदेशाचा मजकूर उद्धृत करताना ‘पैसेवारी’. ‘जिरायत’ तर मूळ अरबीत नुसती शेती. आपल्याकडे ‘बागायत’ समोर उभी राहिली म्हणून ती कोरडवाहू झाली. एक शब्द दुसऱ्याला असा ढकलून जागा देतो.

खरी डोकेदुखी चौथ्या गटाची आहे. अर्थ सध्या हलतोय, आणि निम्मे वाचक जुना अर्थ धरून वाचतात. ‘अपरोक्ष’ यातला सगळ्यात नामी नमुना. पर म्हणजे पलीकडे, अक्ष म्हणजे डोळा. परोक्ष म्हणजे डोळ्याआड. ‘अपरोक्ष’ त्याच्या उलट, म्हणजे डोळ्यांदेखत. मराठीत मात्र ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणजे माझ्या पाठीमागे. संस्कृत जाणणाऱ्याला तो अर्थ खटकतो, बाकी सगळ्यांना पटतो. गप्पांच्या लेखात चालेल. पण सहकारी संस्थेच्या इतिवृत्तात ‘सदर ठराव सभासदांच्या अपरोक्ष संमत झाला’ असं आलं तर? दोन वकील त्याच वाक्याचे दोन अर्थ लावतील. तिथे ‘गैरहजेरीत’ लिहा. बातमीत ‘पाठीमागे’ किंवा आपलं ‘माघारी’ आहेच. ‘परोक्ष’ हा शुद्ध शब्द घालून कुणाचं भलं होत नाही, तो तर आणखी कमी लोकांना कळतो. हलत्या शब्दाची दुरुस्ती नेहमी अशी करायची: जुना अर्थ परत आणायचा नाही, शब्दच बदलून टाकायचा.

या गटातले बहुतेक शब्द हिंदीच्या ओढीने हलले आहेत. ‘संभावित’ मराठीत प्रतिष्ठित, अब्रूदार. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, संभावित माणसाला अपकीर्ती मरणाहून वाईट, हा अर्थ. ‘संभावित चोर’ म्हणजे वरून सभ्य दिसणारा चोर. हिंदीत संभावित म्हणजे होऊ शकेल असा, आणि त्याला मराठीत ‘संभाव्य’ आहे. आता ‘संभावित उमेदवारांची यादी’ छापली, तर जुन्या वाचकाला त्यात कौतुक दिसेल किंवा टोमणा. ‘संभाव्य’ करा, कुणाचीच तक्रार येणार नाही. ‘संभावना’ही तशीच. भटजींची दक्षिणा देऊन संभावना होते, उपरोधाने एखाद्याची चारचौघांत होते. पावसाची मात्र ‘शक्यता’ असते.

‘निर्भर’ म्हणजे मराठीत भरलेला, ‘हर्षनिर्भर’. हिंदीत अवलंबून असलेला. 2020 मध्ये ‘आत्मनिर्भर’ योजनेचं नाव म्हणून आला आणि घरोघरी पोचला. नाव म्हणून तो तसाच छापा. पण बचत गटाच्या अहवालात ‘महिला आत्मनिर्भर झाल्या’ ऐवजी ‘स्वावलंबी झाल्या’ हा जुना, खणखणीत शब्द सुचवून बघा. बहुतेक वेळा गिऱ्हाईक खूश होऊन घेतं.

‘खुलासा’ सगळ्यांत धोक्याचा, कारण एकाच पानावर त्याचे दोन अर्थ येऊ शकतात. मूळ अरबीत सार, सारांश. मराठी कचेरीत स्पष्टीकरण: ‘सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा’. हिंदी वाहिन्यांवर गौप्यस्फोट: ‘धक्कादायक खुलासा’. आता मथळा आला, ‘पाणीपुरवठ्याबाबत अधिकाऱ्यांचा खुलासा’. अधिकाऱ्याने आरोपाला उत्तर दिलं, की आतली गोष्ट फोडली? बातमी वाचून ठरवा. उत्तर दिलं असेल तर ‘स्पष्टीकरण’ आणि फोडली असेल तर ‘गौप्यस्फोट’. नोटिशीतला ‘खुलासा’ मात्र हलवू नका, तो नियमाचा शब्द आहे.

‘पीडित’वरही नजर असू द्या. पूर्वी दुष्काळपीडित, रोगपीडित असं सरसकट चालायचं. गेल्या काही वर्षांत नुसतं ‘पीडिता’ म्हटलं की वाचकाच्या मनात लैंगिक अत्याचारच येतो. घर जळालेल्या बाईला ‘पीडित महिला’ म्हणाल तर गावात भलतीच चर्चा सुरू होईल. ‘आगग्रस्त’, ‘पूरग्रस्त’, ‘नुकसानग्रस्त’ असं नेमकं लिहा.

उपरोधाने शब्द उलटतात, तो प्रकार फ्लेक्सवर फार महागात पडतो. ‘महाभाग’ म्हणजे थोर, भाग्यवान. आता ‘हे महाभाग’ म्हटलं की पुढे शिवीच येणार. ‘प्रताप’ शिवरायांचे असतात, पण चिरंजीवांचे ‘प्रताप’ शेजारी सांगायला आले तर दार लावून घ्यावं. ‘दिवटा’ म्हणजे मशाल. ‘दिवटे चिरंजीव’ म्हणजे काय ते सांगायला नको. ‘शिष्ट’ अजून ‘शिष्टमंडळा’त आणि ‘शिष्टाचारा’त आपली अब्रू राखून आहे, पण ‘फार शिष्ट आहे’ ही तक्रार असते. ‘कार्यक्रम’ हा शब्दही राजकारणात असाच घसरलाय. ‘विरोधकांचा कार्यक्रम’ असा मथळा आता दोनदा वाचावा लागतो. समासात जुना अर्थ टिकतो आणि सुटा शब्द बिघडतो, हे इथलं सूत्र. म्हणून सत्काराच्या मजकुरात असा शब्द सुटा दिसला की गिऱ्हाईकाला फोन करा, स्वतः बदलू नका. कधीकधी त्यांना टोमणाच मारायचा असतो!

आता आपल्या गावचं. सोलापुरात ‘चादर’ म्हणजे जाड, जकार्डवर विणलेलं, अंगावर घ्यायचं पांघरूण. भौगोलिक मानांकन मिळालेली ती सोलापुरी चादर. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला ‘चादर’ म्हणजे गादीवर अंथरायचं पातळ कापड. कारखानदाराचं माहितीपत्रक गावाबाहेर जाणार असेल तर ‘पांघरण्याची चादर’ आणि ‘पलंगपोस’ असं स्पष्ट लिहा, मापासकट. नाहीतर माल परत येतो आणि भाड्याचा भुर्दंड पडतो. ‘शेंगा’ म्हणजे आपल्याला भुईमुगाच्याच, म्हणून ‘शेंगाचटणी’ला कुणी विचारत नाही कशाच्या, बाहेरच्या पाकिटावर ‘शेंगदाणा चटणी’ ही ओळ खाली हवी. ‘पोळी’ आपल्याकडे पुरणाची, रोजची ती चपाती. पुण्याच्या पाहुण्यांसाठी जेवणाचा तक्ता करताना ‘पोळी’ एवढंच छापलं तर कुणीतरी नाराज होणार हे नक्की.

‘यात्रा’ आणि ‘जत्रा’ एकच शब्द, य चा ज झालेला. संस्कृत रूपाकडे देव राहिला आणि मराठी रूपाकडे पाळणे आले. सोलापूरने तिसरा शब्द काढला. जानेवारीत सिद्धेश्वराची ती ‘यात्रा’, आणि होम मैदानावर भरतो तो ‘गड्डा’. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या निमंत्रणात ‘गड्डा’ लिहिलं तर मानकऱ्यांना रुचणार नाही, आणि खेळण्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत ‘यात्रा’ लिहिलं तर कुणाला कळणार नाही. ‘भोंगा’ म्हटलं की इथल्या वयस्कांना गिरणीची पाळी आठवते. 2022 च्या वादानंतर बाकी महाराष्ट्राला ध्वनिक्षेपक आठवतो. गिरण्यांवरच्या लेखात पहिल्यांदा ‘गिरणीचा भोंगा’ असं पूर्ण लिहा, पुढे नुसता ‘भोंगा’ चालेल.

वर्धापनदिनात शब्दापेक्षा हिशेब चुकतो. दुकान 1 मे 2000 ला उघडलं असेल तर पहिला वर्धापनदिन 1 मे 2001 ला आणि पंचविसावा 1 मे 2025 ला. ‘रौप्यमहोत्सवी वर्ष’ म्हणजे चालू असलेलं पंचविसावं वर्ष, 1 मे 2024 ते 30 एप्रिल 2025. ही दोन एकाच फ्लेक्सवर एकत्र आली की वर्ष मागेपुढे होतं. 25 रौप्य, 50 सुवर्ण, 60 हीरक, 75 अमृत. ‘25 वा रौप्यमहोत्सव’ असं छापू नका. तो पंचविसाव्यांदा साजरा होत नाहीये. पत्रिकेवर वधूच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’, ‘कां’वर अनुस्वारासह, कारण ते सौभाग्यकांक्षिणी, ‘सौ.’ एकटं लग्नानंतर.

अडलं तर कोश कोणत्या क्रमाने उघडायचा? अर्थासाठी आधी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, 1932 ते 1938 दरम्यान निघालेला. त्यात एकाच शब्दाखाली अर्थांचे आकडे क्रमाने दिलेले दिसतील. मग मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची सुधारित आवृत्ती. तिथे शब्दापुढच्या संक्षेपाने तो संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी हे कळतं, आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा चालू अर्थही. दोन्हींत अर्थ सारखा आणि आजचा वेगळा दिसला, तर बदल अलीकडचा. शब्द हलता समजा. संस्कृत कोश सगळ्यांत शेवटी आणि फक्त ऱ्हस्वदीर्घ, जोडाक्षरांसाठी. हा क्रम उलटा केला की ‘सहसा’ही चूक वाटू लागतो.

प्रूफ परत पाठवताना अक्षरदुरुस्ती गुपचूप करा, जोडीतला शब्द बदलला तर खूण ठेवा, हलता शब्द असेल तर पर्याय लिहून ‘कोणता ठेवू?’ एवढंच विचारा. संदेश असा: ‘ओळ 4, अपरोक्ष की गैरहजेरीत?’ व्युत्पत्ती सांगत बसू नका, छपाई थांबते. उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल, आणि छापल्यानंतर महिनाभर तरी ते पुसू नका.